अण्णांच्या मापाच्या वह्या : सिन्नरच्या एका टेलरचं आयुष्य लिहिताना

हे प्रकरण एका कुटुंबाच्या संमतीनं लिहिलं आहे. माणसांची नावं दिलेली नाहीत आणि ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत.

पार्श्वभूमी

घरातलं माणूस गेल्यावर त्याचं आयुष्य लिहून ठेवावंसं वाटणाऱ्या कुटुंबांना मी नाशकात मदत करते. डिसेंबर 2022 मध्ये इंदिरानगरला राहणारी, पतसंस्थेत नोकरी करणारी एक बाई माझ्याकडे आली. तिचे वडील सिन्नरला टेलर होते. घरात आणि गावातही त्यांना अण्णाच म्हणत. 22 एप्रिल 2021 ला, रामनवमीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे, छातीत कळ येऊन ते गेले.

करोनाची दुसरी लाट तेव्हा भरात होती. अंत्यविधीला वीस माणसांची मर्यादा होती आणि वीससुद्धा जमली नाहीत. शेजाऱ्यांनी दारातूनच हात जोडले. दहाव्याला रामकुंडावर घरची पाच माणसं आणि गुरुजी.

आमच्या भागात दहाव्याला गाव जमतं. प्रवचन होतं, मग चारदोन जण उठून श्रद्धांजलीचं बोलतात. पुढाऱ्यांची भाषणं लांबतात, हे खरं. पण त्याच गर्दीत मागे बसलेला एखादा म्हातारा मुलाला बाजूला घेऊन सांगतो, 'तुझ्या बापानं मला एकदा…', आणि घरच्यांना ठाऊक नसलेला बाप त्या दिवशी कळतो. अण्णांच्या घरात ते घडलंच नाही. मुलगी मला म्हणाली, "त्यांच्याबद्दल कुणी काही बोललंच नाही हो. रडलो ते पण आपापल्या खोलीत. आता तर मला त्यांचा आवाजही नीट आठवेना."

घरात आई आणि तीन मुलं. मुलगी सगळ्यांत मोठी. थोरल्या मुलाचं सिन्नरलाच हार्डवेअरचं दुकान. धाकटा इंजिनिअर, पुण्याला. दुसरी पुण्यतिथी तिथीनं, म्हणजे चैत्र शुद्ध दशमीला, 31 मार्च 2023 ला येत होती. तोवर काहीतरी हातात असावं, एवढंच तिचं मागणं होतं. साडेतीन महिने होते.

अडचण

माझी तेव्हाची पद्धत अशी होती की आधी तीसेक प्रश्नांची यादी मुलांना व्हॉट्सॲपवर पाठवायची. तिघांची उत्तरं आठवड्याभरात आली. 'अण्णा अतिशय कष्टाळू होते.' 'शिस्तप्रिय पण आतून प्रेमळ.' 'आम्हाला कधी काही कमी पडू दिलं नाही.' तिघांनी वेगवेगळं बसून लिहिलं होतं, तरी कुठलं कोणाचं ते ओळखू येत नव्हतं. शिवाय हीच वाक्यं मी याआधी दुसऱ्या घरांतल्या वडिलांबद्दलही वाचलेली होती.

मुलांकडे दोष नव्हता. अण्णा सकाळी आठला दुकान उघडत आणि रात्री दहाला घरी येत. जूनमध्ये शाळांचे गणवेश, पुढे दिवाळी, मग लग्नसराई. या तीन हंगामांत तर ते दुकानातच झोपत. मुलांनी बाप पाहिला तो जेवणाच्या ताटावर, आणि जेवताना ते बोलत नसत. फोटो सापडले अकरा. त्यांतले नऊ इतरांच्या लग्नांतले, कडेला उभे राहिलेले.

त्यातही तिघांचे अण्णा वेगवेगळे. मुलगी 1979 ची. तिला भरात चाललेलं दुकान आठवतं. थोरला 1982 चा, शाळा सुटल्यावर बापाच्या हाताखाली बसणारा; त्यानं रेडिमेड कपडे आल्यावर ते दुकान हळूहळू रिकामं होताना पाहिलं. धाकटा 1986 चा. तो कॉलेजात गेला तेव्हा अण्णा 'कंपनीत स्टोअरला' होते, एवढंच त्याला माहीत.

एका बाबतीत मात्र तिघांचं एकमत होतं. अण्णांचे थोरले भाऊ, तात्या, यांचं नावही पुस्तकात यायला नको. तात्यांनी जमीन लाटली, असं ही मुलं ऐकत मोठी झाली होती. 1996 पासून दोन्ही घरांत बोलणं नव्हतं.

समोर असलेले पर्याय

थोरल्याचं म्हणणं होतं की वर्तमानपत्रात फोटोसह पुण्यस्मरणाची चौकट द्यावी आणि चौकात फ्लेक्स लावावा. एका दिवसाचं काम, गाव पाहतं, मान राहतो. याला मी नाक मुरडलं नाही. छोट्या गावात या चौकटीला अर्थ असतो. ती न दिली तर 'पोरांनी बापाचं काही केलं नाही' असं लोक बोलतात. धाकट्याला फोटोंचा व्हिडिओ हवा होता, पण अकरा फोटोंत तो कसा होणार? आईनं शाळेला सतरंज्या द्याव्यात असं सुचवलं. मुलीला पुस्तिका हवी होती आणि तिलाच सगळ्यांत जास्त शंकाही होती: "टेलरच्या आयुष्यात लिहिण्यासारखं काय सापडणार? कोण वाचणार?"

मी एवढंच म्हटलं की महिनाभर कुठलाही निर्णय करू नका. आधी काय काय सापडतं ते पाहू. ते कागदावर मावण्यासारखं असेल तर पुस्तिका, नाहीतर चौकट आहेच. रूप आधी ठरलं असतं तर त्या रूपात बसेल तेवढंच आम्ही शोधलं असतं.

वह्या सापडल्या

जानेवारीत मोहदरी घाट चढून सिन्नरला गेले. थोरल्याला विचारलं, दुकानातलं काय उरलंय? "मशीन माळ्यावर आहे. कात्री मी वापरतो. बाकी पोतंभर वह्या आहेत, रद्दीत द्यायच्या राहिल्या."

त्या मापाच्या वह्या होत्या. लांबट, लाल कापडी बांधणीच्या, 1976 ते 2003 या काळातल्या तेवीस. चार वाळवीनं खाल्ल्या होत्या, एकोणीस वाचण्यासारख्या. दर पानावर गिऱ्हाइकाचं नाव, तारीख, शर्टाची लांबी, छाती, खांदा, बाही, कॉलर; पॅन्टची कंबर, सीट, मांडी, बॉटम; कडेला शिलाई आणि बाकी. कुठे कापडाचा चिमूटभर तुकडा टाचणीनं लावलेला. बॉटमचा आकडा 1977 मध्ये चोवीस-सव्वीस इंचांपर्यंत गेलेला आणि 1985 नंतर सोळावर उतरलेला. बेलबॉटम सिन्नरमध्ये कधी आली आणि कधी गेली ते त्या आकड्यांत वाचता येतं.

दर वर्षीच्या शेवटच्या पानावर घरच्यांची मापं होती. 'ताई', 'मोठा', 'बाळू'. जून आणि दिवाळी, वर्षातून दोनदा. मुलीनं ती पानं ओळीनं लावली तेव्हा तिची स्वतःची उंची इंचाइंचानं वाढताना दिसली. 1989 च्या जूनच्या नोंदीपुढे बापाच्या अक्षरात लिहिलं होतं: 'आत 2 इंच धरले. पुढच्या साली उसवणे.' शिलाईत जास्तीचं कापड धरून ठेवायचं आणि मूल वाढलं की उसवून तोच कपडा मोठा करायचा, ही टेलरची नेहमीची रीत. तो फ्रॉक तिला आठवत होता. दोन वर्षं तोच घालावा लागला म्हणून तिला तेव्हा राग आला होता. त्या ओळीवर बोट ठेवून ती बराच वेळ बसून राहिली. पुस्तिका करायची, हे तिनं त्या दिवशी ठरवलं.

बऱ्याच नोंदींपुढे 'घे. ना.' अशी दोन अक्षरं होती. घरात कुणालाच त्याचा अर्थ लागेना. अण्णांकडे वीस वर्षं काज-बटण आणि तुरपाई करणाऱ्या एक मावशी अजून सिन्नरलाच राहतात. त्या पाहताक्षणी म्हणाल्या, "घेणे नाही." म्हणजे शिलाईचे पैसे घ्यायचे नाहीत.

मुलीनं लगेच वाक्य लिहून टाकलं: 'अण्णांनी शेकडो गरीब मुलांचे गणवेश फुकट शिवले.' मी तिला थांबवलं आणि मावशींना एकेक नोंद वाचून दाखवली. काही नोंदी खरंच बाप नसलेल्या मुलांच्या गणवेशांच्या होत्या. काही नातलगांच्या. आणि काही अशा माणसांच्या, ज्यांच्याकडे पैसे होते पण जे कधी देतच नसत. मावशी म्हणाल्या, "यांच्याकडं मागून मागून अण्णा थकले. मग लिहून टाकलं, म्हणजे डोक्याला ताप नको." दया आणि नाइलाज एकाच खुणेखाली होते. पुस्तिकेत आम्ही दोन्ही लिहिलं, आणि गणवेशांची संख्या मावशींना खात्रीनं सांगता आली तेवढीच, म्हणजे एकतीस. शेकडोपेक्षा एकतीस हा आकडा मला मोठा वाटतो.

गिऱ्हाइकांची नावं न छापण्याचं इथेच ठरलं. त्या वह्यांत लोकांच्या शरीराची मापं आहेत आणि उधाऱ्या आहेत. ती माणसं किंवा त्यांची मुलं त्याच गावात राहतात.

जन्मतारीख आणि दुष्काळ

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जन्मतारीख होती 1 जून 1951. त्या पिढीतल्या निम्म्या महाराष्ट्राचा वाढदिवस 1 जूनला असतो. नाव घालताना मास्तर अंदाजानं वर्ष ठरवत आणि शाळा सुरू होण्याच्या सुमाराची तारीख टाकत. अण्णांची बहीण, मुलांची आत्या, वेगळं सांगत होती. "गांधीबाबा गेले त्याच्यानंतरची पाचवी दिवाळी झाली न् मग तो झाला." म्हणजे 1952 ची अखेर, दाखल्यापेक्षा दीड वर्षानं लहान. आम्ही दोन्ही छापलं, आत्याच्या शब्दांसह. या दीड वर्षाचा पुढे रोकडा परिणाम झाला, तो खाली येईल.

आत्याकडूनच 1972 चा दुष्काळ कळला. सिन्नर तालुका मुळात कमी पावसाचा. घरच्या सात एकरांत काही उगवलं नाही. अण्णा आणि तात्या दोघंही दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. तिथे मिळणारा सुकडीचा पौष्टिक खाऊ आणि रेशनची लाल मायलो ज्वारी, यांवर घर चाललं. अण्णांच्या डाव्या अंगठ्याचं नख वाकडं होतं. मुलांना वाटायचं मशीनची सुई लागली असेल. तो खडीवरचा घाव होता. दुष्काळ सरल्यावर ते नाशकात रविवार कारंजाजवळ एका उस्तादाकडे शिकायला राहिले. पहिले सहा महिने नुसती इस्त्री आणि काज-बटण, झोपायला दुकानातली फळी. 1976 मध्ये सिन्नरला भाड्याच्या गाळ्यात स्वतःची पायमशीन आली. ती घ्यायला पैसे कुठून आले, हे मुलांपैकी कुणी कधी विचारलं नव्हतं.

पहिला अवघड निर्णय : रात्रपाळी

फेब्रुवारीत थोरल्याला पत्र्याच्या पेटीत भविष्य निर्वाह निधीचे कागद सापडले. दुकान 2003 मध्ये बंद झालं, त्यानंतर अण्णा औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात लागले होते. कागदावर हुद्दा होता 'वॉचमन'. स्टोअर कुठेच नव्हतं. सहा वर्षं रात्रपाळी. दाखल्यावरच्या तारखेनुसार 58 पूर्ण झाली म्हणून 2009 च्या मे अखेरीला त्यांना थांबवलं; खऱ्या वयानं त्यांची आणखी दीड वर्षाची नोकरी शिल्लक होती. दहा वर्षं भरली नसल्यानं पेन्शन बसली नाही, पैसे एकरकमी मिळाले. बँकेच्या पासबुकात ते पैसे जमा झाल्याच्या चौथ्या दिवशी धाकट्याच्या शैक्षणिक कर्जाच्या खात्यात गेलेले दिसले. धाकट्याची समजूत होती की ते कर्ज त्यानं एकट्यानंच फेडलं.

तिघांत मतभेद झाले. मुलीला सगळं लिहायचं होतं. थोरल्याचं म्हणणं, 'कंपनीत नोकरी केली' एवढं पुरे. धाकटा पुण्याहून फोनवर म्हणाला, "त्यांनी आम्हाला सांगितलं नाही, म्हणजे त्यांना सांगायचं नव्हतं. ते गेल्यावर आपण कोण सांगणारे?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यात लाज नव्हती, बापाच्या शब्दाचा मान होता, आणि म्हणून तो झटकून टाकता येत नव्हता. आम्ही तीन वाटा मांडल्या. एक, सहा वर्षं गाळायची. पण मग 2003 ते 2009 अण्णा काय करत होते? पुस्तिकेला भोक पडलं असतं आणि गावातल्या कित्येकांना खरं माहीत होतंच. दोन, 'कंपनीत' असा मोघम शब्द. हे खोटं नव्हतं, पण ज्या कष्टांचं नाव घेत आम्ही लिहीत होतो तेच त्यात झाकले जात होते. तीन, पूर्ण लिहायचं, मात्र ज्या एका माणसाला अण्णांनी हे सांगितलं होतं त्याची परवानगी घेऊन. ते माणूस म्हणजे आई.

आईशी माझं पहिलं बोलणं फसलेलं होतं. तिन्ही मुलं, सुना, नातवंडं भोवती बसलेली आणि मध्ये माझा फोन रेकॉर्डिंगला लावलेला. त्या 'होय', 'नाही', 'चांगले होते' यापलीकडे गेल्या नाहीत. दुसऱ्यांदा मी दुपारी एकटी गेले. त्या तांदूळ निवडत होत्या, मीही ताटलीला हात लावला. अर्ध्या तासानं त्या आपणहून बोलू लागल्या.

"लाज कसली? चोरी थोडीच केली. बाळूचं कॉलेज चालू होतं. कळलं असतं तर त्यानं शिक्षण सोडून कामाला लागायचं म्हटलं असतं, म्हणून बोलले नाहीत. सकाळी सातला यायचे, दोन तास पडायचे, न् घरीच बसून लोकांच्या पॅन्टी अल्टर करायचे. ते लिहायचं तर लिहा. पण मग माझ्या विड्या पण लिहा."

मी गप्प झाले. माझ्या मसुद्यात आईंना तीन ओळी होत्या: लग्न 1977, माहेर, स्वभाव. सिन्नर विड्यांचं गाव. या बाईनं लग्नानंतर चौतीस वर्षं घरी विड्या वळल्या होत्या. संध्याकाळी पानं भिजत घालायची, सकाळी कात्रीनं कापायची, सूप मांडीवर घेऊन दिवसाला आठशे-हजार विड्या वळायच्या आणि कारखान्यात मोजून द्यायच्या. खराब म्हणून काढलेल्या विड्यांचे पैसे मिळत नसत. दुकान पडत्या काळात होतं तेव्हा घरात रोख पैसा येत होता तो याच सुपातून. 'कष्टाळू बाप' लिहिण्याच्या नादात मी अर्धं घर गाळत होते, आणि ते मला त्यांनी दाखवून द्यावं लागलं.

धाकट्याला आईचं रेकॉर्डिंग ऐकवलं. दोन दिवसांनी त्याचा मेसेज आला: 'लिहा. कर्जाचा भाग मी लिहितो.' त्यानं दीड पान लिहून पाठवलं. त्यातला एक शब्दही मी बदलला नाही.

दुसरा अवघड निर्णय : तात्या

मशीनच्या पैशांचा प्रश्न तसाच होता. जमिनीच्या जुन्या फेरफारांच्या, म्हणजे मालकी बदलल्याच्या नोंदींच्या, स्कॅन केलेल्या प्रती आता ऑनलाइन मिळतात. त्यात 1988 ची नोंद सापडली. तात्यांनी जमीन लाटली नव्हती. अण्णांनी स्वतः आपल्या हिश्शाचं हक्कसोडपत्र तात्यांच्या नावे करून दिलं होतं. का, ते फेरफारात लिहिलेलं नसतं.

त्याच सुमारास मी मुलीला घेऊन पंचवटीत त्यांच्या तीर्थोपाध्यायांकडे गेले. गाव आणि आडनाव सांगितलं की हे लोक कुळाची नामावळी काढून देतात. पिढ्यान्‌पिढ्या यात्रेला किंवा अस्थी घेऊन आलेल्या माणसांनी आपापल्या हातानं केलेल्या नोंदी त्यात असतात. 1986 मध्ये अण्णा त्यांच्या वडिलांच्या अस्थी घेऊन आले होते. तात्या त्या वेळी आजारी होते, आले नव्हते. नोंद अण्णांच्या अक्षरात होती, मापाच्या वहीतलं तेच अक्षर. सगळ्यांत वर तात्यांचं नाव, त्याखाली तात्यांच्या मुलांची नावं, मग स्वतःचं आणि आपल्या मुलांची.

ते पान पाहून मुलीनं तात्यांकडे जायचं ठरवलं. थोरला आला नाही.

तात्या ऐंशीच्या घरातले, ऐकायला कमी येणारे. त्यांनी फोन बंद करायला लावला, म्हणून मी नुसतं ऐकलं आणि परत येताना एसटीत बसून लिहून काढलं. त्यांचं म्हणणं असं: 1976 मध्ये मशीन आणि गाळ्याची अनामत यांसाठी त्यांनी गोऱ्हा विकला, वर सोसायटीचं कर्ज काढलं. ते कर्ज बारा वर्षं त्यांच्या डोक्यावर होतं. अण्णांनी हक्कसोड केली ती त्याची भरपाई म्हणून. 1996 मध्ये तात्यांनी रस्त्याकडेचे दोन एकर विकले तेव्हा भाव बराच चढलेला होता. अण्णांनी एक अवाक्षर काढलं नाही, पण घरात बोलणी झाली आणि येणं-जाणं थांबलं.

आईंना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "गोऱ्ह्याचं खरंय. पण एका गोऱ्ह्याचे साडेतीन एकर होत नाहीत."

दोन्ही खरं असू शकतं. अण्णा असते तर तिसरं काही सांगितलं असतं किंवा काहीच सांगितलं नसतं. जमिनीचा निवाडा करणं पुस्तिकेचं काम नव्हतं, पण 'तात्यांनी लाटली' ही गोष्ट आता मुलांनाही पूर्वीसारखी सांगता येईना. शेवटी छापलं ते एवढं: पहिली मशीन थोरल्या भावाच्या मदतीनं आली, 1988 मध्ये अण्णांनी आपला हिस्सा भावाच्या नावे केला, पुढे दोन्ही घरांत अंतर पडलं. त्यासमोर नामावळीतल्या पानाचा फोटो, तीर्थोपाध्यायांना विचारून. दुष्काळातल्या खडीच्या आठवणी तात्यांच्या नावानं, त्यांना वाचून दाखवून.

परिणाम

पुस्तिका छप्पन्न पानांची झाली, दोनशे प्रती. पुढच्या पानावर फोटोऐवजी 1989 च्या वहीतलं ते 'आत 2 इंच धरले' असलेलं पान. थोरल्याची चौकटही वर्तमानपत्रात आली. त्यावर कुणाची हरकत नव्हती. शेवटची चार पानं आम्ही कोरी ठेवली होती.

31 मार्चला घरी सत्तरएक माणसं आली. दोन वर्षांपूर्वी जो दहावा व्हायला हवा होता तो त्या दिवशी झाला असं मला वाटलं. चौदा जणांनी एका प्रतीच्या कोऱ्या पानांवर लिहिलं. कारखान्यातले एक जुने सहकारी आले. त्यांनी सांगितलं की अण्णा रात्री केबिनमध्ये सुई-दोरा ठेवायचे आणि पाळीवरच्या पोरांची तुटलेली बटणं लावून द्यायचे. हे कुणालाच ठाऊक नव्हतं, आईंनाही नाही.

तात्या नातवाच्या आधारानं आले, दहा मिनिटं बसले, चहा घेतला आणि गेले. थोरला त्यांच्याशी बोलला नाही. जमिनीची ती तीन वाक्यंही नको होती, असं त्याचं आजही मत आहे, आणि तो हे मला तोंडावर सांगतो.

एक गोष्ट चुकली. 'घे. ना.'च्या भागात, पैसे असून न देणाऱ्यांबद्दल लिहिताना, मी एका गिऱ्हाइकाच्या सफारी सुटाचा रंग आणि प्रसंग लिहिला होता. नाव नव्हतं, पण गावाला ते एवढ्यावरून कळलं. त्या माणसाच्या सुनेनं मुलीला फोन करून विचारलं, "मेलेल्या माणसाला आता उत्तर देता येतं का?" तिचं बरोबर होतं. ज्या न्यायानं आम्ही तात्यांना मजकूर वाचून दाखवला तो न्याय त्या घराला दिला नाही. उरलेल्या प्रतींतलं ते पान बदलून घेतलं.

पुन्हा करायचं झालं तर

प्रश्नावली आता मी मुलांना पाठवत नाही. पहिली भेट घरातल्या बाईची, एकटीची, तिचं काम चालू असताना. दुसरी, बरोबर काम केलेल्या माणसाची. काज-बटणाच्या मावशींकडे मी पाचव्या आठवड्यात पोहोचले. पहिल्याच आठवड्यात जायला हवं होतं. मुलांकडे सगळ्यांत शेवटी जायचं, हातात वही किंवा कागद घेऊन. 1989 चं पान समोर आल्यावर मुलगी जे बोलली ते तीस प्रश्नांना तिनं लिहिलं नव्हतं.

तात्यांकडे मी दोनदा जायला हवं होतं. पहिल्या भेटीत त्यांनी फोन बंद करायला लावला तो अविश्वासानं. दुसऱ्या भेटीत कदाचित चालू ठेवू दिला असता. त्यांच्या तोंडचे शब्द माझ्या आठवणीतून छापले गेले आहेत, आणि वाचून दाखवताना त्यांना त्यातलं किती ऐकू आलं याची मला रुखरुख आहे.

आणि जिथे ओळख पटण्याची शक्यता आहे तिथे नाव वगळणं पुरत नाही. रंग, प्रसंग, गल्ली, हेही पाहावं लागतं. छोट्या गावात तर जास्तच.

वह्यांचं काम अपुरं आहे. एकोणीसपैकी सातच वह्यांचे फोटो घेऊन झाले आहेत. वाळवी लागलेल्या चार अजून त्याच पोत्यात होत्या. गेल्या रविवारी मुलगी त्या नाशकाला घेऊन आली आणि आम्ही गच्चीवर चादर अंथरून त्यांची पानं एकेक करून सुटी केली. 1981 च्या वहीतलं 'ताई' असं लिहिलेलं अर्धं पान शाबूत निघालं. कंबर अठरा इंच.